सत्तर किलो आणि एक दम

कुमार गटाच्या जिल्हा अजिंक्यपद कबड्डी स्पर्धेतला सगळ्यात विलक्षण तास पहिला सामना सुरू होण्याआधीचा असतो, आणि तो बघायला फारसं कुणी आलेलं नसतं. मंडपाच्या कडेला वजनकाटा मांडलेला असतो. जिल्हाभरातल्या मंडळांची पोरं जन्माचा दाखला नि आधार कार्ड घेऊन रांगेत उभी असतात. एकेक जण बूट काढून काट्यावर चढतो आणि आकडा स्थिर होईपर्यंत हलत नाही. वय २० वर्षांच्या आत आणि वजन ७० किलोच्या आत असेल, तर पोरगा खेळणार. मुलींच्या गटात ही मर्यादा ६५ किलोची. आकडा थोडाच पुढे गेला, तर पोरगा अंगात जाड जॅकेट चढवून मैदानाला फेऱ्या मारायला पळतो. घाम गाळून वजन उतरवण्याचा हा प्रकार मला अजिबात मान्य नाही. सामन्याच्या तोंडावर शरीरातलं पाणी घालवणं सतरा-अठरा वर्षांच्या पोराला महागात पडू शकतं, आणि हे त्याला सांगणं मंडळाच्या प्रशिक्षकाचं पहिलं काम आहे. पण तो काटा तिथे का आहे, हे समजून घेतलं की या खेळाची सगळी रचनाच उलगडायला लागते.

कबड्डीत हातात काहीच नसतं. चेंडू नाही, बॅट नाही, जाळी नाही. साधन एकच, माणसाचं शरीर. त्यामुळे समोरासमोरच्या शरीरांमध्ये फार तफावत असेल तर खेळ संपतो आणि नुसती ओढाताण उरते. वजनाची मर्यादा घातली की ताकद जवळपास सारखी होते. मग फरक पडतो तो वेळ साधण्याने, पायाच्या चपळाईने आणि दमाने.

दमाचं गणित तर थक्क करणारं आहे. आपण शांत बसलेले असतो तेव्हा मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. जीव तोडून पळताना हाच आकडा ४० ते ५०च्या घरात जातो. म्हणजे चढाईच्या ३० सेकंदांत इतकी धावपळ करणाऱ्या माणसाला एरवी वीस-पंचवीस श्वास लागले असते. चढाईपटूला नियमाने एकच मिळतो. मध्यरेषा ओलांडण्याआधी त्याला ‘कबड्डी, कबड्डी’ सुरू करावं लागतं आणि परत येईपर्यंत ते तुटता कामा नये. दम उशिरा सुरू झाला तर चढाई जाते आणि समोरच्यांना गुण मिळतो. मधेच तुटला तर गडी बाद.

बोलताना आपण फक्त हवा बाहेर सोडतो. धडधाकट तरुणाच्या छातीत पूर्ण श्वास भरला तर सोडण्याजोगी हवा साधारण चार ते पाच लिटर असते. तेवढ्याच शिदोरीवर त्याला पळायचं, वळायचं, पाय फेकायचा, सात जणांच्या हातातून निसटायचं आणि घरी परतायचं. म्हणून मुरलेला चढाईपटू ओरडत नाही. तो हलक्या, एकसुरी आवाजात पंचाला ऐकू जाईल इतपतच बोलतो आणि हवा पुरवून वापरतो. नवखा पोरगा पहिल्या पाच सेकंदांत मोठ्याने दम घालतो, आणि पंधराव्या सेकंदाला त्याचे डोळे मध्यरेषेकडे वळतात. कोपऱ्यातला पकडपटू त्याच क्षणाची वाट बघत असतो.

श्वास घ्यायची असह्य ऊर्मी आपल्याला प्राणवायू कमी पडल्यामुळे येते असं आपण समजतो. खरं तर ती बहुतांशी रक्तात साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे येते. स्नायू जोरात काम करत असतात, कार्बन डायऑक्साइड भराभर तयार होत असतो, आणि मेंदू श्वास घ्यायचा हुकूम सोडत राहतो. चढाईपटू तो हुकूम मोडत असतो, आणि मोडता मोडताच समोरचा कोपरारक्षक कुठल्या पायावर भार देऊन उभा आहे, तेही टिपत असतो. सुरुवातीची ताकद स्नायूंमधल्या तयार साठ्यातून येते, पण तो साठा दहाएक सेकंदांतच ओसरतो. त्यापुढे शरीर साखर फोडून ऊर्जा काढतं आणि मांड्या भरून यायला लागतात. एका सामन्यात एकच गडी अशा पंधरा-वीस चढाया करू शकतो. घड्याळातली ३० सेकंदांची मर्यादा ही नंतरची सोय आहे. त्याआधी पिढ्यान् पिढ्या या खेळाचं घड्याळ माणसाच्या छातीतच होतं.

आता मैदान बघा. पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. मध्यरेषेपासून निदान रेषा ३.७५ मीटरवर, आणि तिच्यापुढे मीटरभरावर बोनस रेषा. म्हणजे चढाईपटूला सक्तीने जावं लागतं ते चार मीटरही नाही. सहा किंवा सात बचावपटू मैदानात असतील तेव्हाच बोनस मिळतो. तोही एक पाय रेषेपलीकडे टेकवून आणि त्याच वेळी दुसरा पाय हवेत ठेवून. तुमच्या घरातल्या हॉलएवढ्या जागेत हे सगळं घडतं. चढाईपटू बोनससाठी उजवा पाय पुढे टाकतो. त्याचं सगळं वजन त्या एका पायावर गेलेलं असतं. डावा कोपरारक्षक, जो इतका वेळ दोन पावलं मागे सरकून निरुपद्रवी दिसत होता, तो खाली झेपावतो आणि घोट्याला हात घालतो. घोटा सापडला म्हणून पकड होत नाही, कारण सत्तर किलोचं शरीर उसळी मारतंच. त्याच क्षणी शेजारच्याने कमरेला मिठी घालावी लागते आणि मधल्या जोडीने साखळी करून मध्यरेषेची वाट बंद करावी लागते. अर्ध्या सेकंदाचा उशीर झाला तर चढाईपटू तिघांना घेऊन रेषेवर पडतो. एकाला पकडायला गेलेले तिघेही बाद.

बाद झालेला माणूस पुन्हा जिवंत होतो, ही तर या खेळाची सर्वांत सुंदर कल्पना. समोरचा एक गडी बाद केला की आपला एक गडी, ज्या क्रमाने बाद झाला होता त्याच क्रमाने, आत येतो. पूर्वी खेळाचे तीन प्रकार होते. ‘गामिनी’त बाद झालेला बाहेरच राहायचा आणि सगळा संघ बाद होईपर्यंत डाव चालायचा. ‘अमर’मध्ये कुणी बाहेर जायचंच नाही, फक्त गुण मोजायचे. ‘संजीवनी’त मेलेला उठायचा. आजची कबड्डी संजीवनीच्या वाटेने आली, आणि माझ्या मते हीच निवड या खेळाला जगभर घेऊन गेली. गामिनीत मागे पडलेला संघ मागेच पडत जातो. अमरमध्ये बाद होण्याची भीतीच उरत नाही. संजीवनीत मात्र दोन गडी उरलेला संघही एका पकडीने उभा राहू शकतो, आणि तीन किंवा त्याहून कमी जणांनी केलेल्या अव्वल पकडीला एक गुण जास्तीचा देऊन नियमांनी त्या आशेला बळच दिलं आहे. सगळे बाद झाले तर लोण, म्हणजे दोन गुण ज्यादा. पण लोण बसलेल्या संघाचे सातही जण लगेच पुन्हा मैदानात. शिक्षा होते आणि संधीही परत मिळते. गावच्या पोराटोरांच्या खेळातून इतकी नेटकी तोलाची रचना निघाली, याचं मला दर वेळी नव्याने आश्चर्य वाटतं.

आणि हा खेळ उभा आहे तो मंडळांवर. व्यायामशाळा, क्रीडा मंडळ, तरुण मित्र मंडळ, कधी एखाद्या गल्लीचं नाव लावलेला संघ. मंडळ जिल्हा संघटनेशी संलग्न असतं. जिल्ह्याच्या अजिंक्यपद स्पर्धेत मंडळं भिडतात, तिथूनच जिल्ह्याचा संघ निवडला जातो, जिल्हे राज्याच्या स्पर्धेत भिडतात, आणि तिथून महाराष्ट्राचा संघ राष्ट्रीय स्पर्धेला जातो. म्हणून मंडळाच्या पोराला जिल्हा स्पर्धेतला एक साधा साखळी सामनाही साधा नसतो. तिथे मैदानाशेजारी निवड समिती बसलेली असते. कित्येक गावांत अजून माती चाळून, पाणी मारून, फक्कीने रेषा आखून सराव चालतो. स्पर्धेत मात्र मॅट असते, आणि मातीवर अनवाणी शिकलेल्या पायाला मॅटवर बूट घालून वळणं नव्याने शिकावं लागतं.

असाच एक जिना आयर्लंडमध्ये आहे. त्याच्या सर्वांत खालच्या पायरीची गोष्ट आपल्या कबड्डीवाल्यांनी ऐकायलाच हवी.

आयर्लंडचा आपला असा फुटबॉल आहे, गेलिक फुटबॉल. दोन्हीकडे १५ खेळाडू. चेंडू हातात घेता येतो, पण चार पावलांपलीकडे नुसता घेऊन पळता येत नाही. तो जमिनीवर आपटावा लागतो किंवा पायाच्या बोटांनी पुन्हा हातात उडवून घ्यावा लागतो. आडव्या दांड्याखालून जाळीत गेला तर ३ गुण, वरून गेला तर १. (२०२५पासून ४० मीटरच्या कमानीबाहेरून वरून मारला तर २.) या खेळाची संघटना १ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्ल्स गावातल्या हेज हॉटेलात स्थापन झाली. इंग्रजी खेळांच्या लाटेत आपले खेळ बुडू नयेत, हा हेतू. आपल्याकडेही तो काळ फार लांब नाही. १९१४ साली अमरावतीत श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं राहिलं, १९२३ला बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने हुतूतूचे, म्हणजे कबड्डीचेच, नियम छापून स्पर्धा भरवली, आणि १९३६ला अमरावतीच्या याच मंडळाच्या चमूने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखवले. दोन्हीकडे मैदान आणि स्वातंत्र्याची ओढ एकमेकांत गुंतलेली होती. डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानात २१ नोव्हेंबर १९२० रोजी सामना चालू असताना ब्रिटिशांच्या दलांनी गोळीबार केला. त्यात मारला गेलेला खेळाडू मायकेल होगन याचं नाव तिथल्या एका प्रेक्षागृहाला आहे. आपल्याकडे नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानालाही आज हुतात्मा अनंत कान्हेरे यांचं नाव आहे.

तर त्या आयर्लंडमध्ये क्लबांच्या तीन मुख्य पायऱ्या असतात: सीनियर, इंटरमीडिएट आणि ज्युनियर. इथे ज्युनियर म्हणजे वयाने लहान नव्हे. तिशीतला, दोन पोरांचा बापही ज्युनियर खेळतो, कारण त्याच्या छोट्या गावाचा क्लब त्या श्रेणीत आहे. मुंबईच्या कबड्डीत मंडळांना श्रेण्या असतात, तसंच. काउंटीचा, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचा, ज्युनियर विजेता प्रांताच्या ज्युनियर क्लब स्पर्धेत जातो. प्रांत चार: मन्स्टर, लेन्स्टर, अल्स्टर, कॉनाक्ट. प्रांत जिंकणारा पुढे अखिल आयर्लंडच्या फेरीत जातो आणि अंतिम सामना खेळतो तो थेट क्रोक पार्कवर, जिथे ८२ हजारांवर प्रेक्षक बसू शकतात. पगार कुणालाच नाही. सोमवारी सगळे आपापल्या कामावर.

२०२२च्या जुलैत केरी काउंटीने अखिल आयर्लंड सीनियर अजिंक्यपद जिंकलं. त्या संघातला डेव्हिड क्लिफर्ड हा त्या वर्षीचा देशातला सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला. सहा महिन्यांनी, १५ जानेवारी २०२३ला तो पुन्हा क्रोक पार्कवर उतरला, या वेळी ज्युनियर क्लब अंतिम सामन्यासाठी. किलार्नीजवळचं फॉसा हे त्याचं गाव, आणि गावाचा क्लब ज्युनियर श्रेणीत. म्हणून देशातला सर्वोत्तम खेळाडूही ज्युनियर. फॉसाने टायरोनच्या स्ट्युअर्टस्टाउन हार्प्सला तीन गुणांनी हरवलं. पेशाने हा माणूस शाळेत शिक्षक आहे. तिथे खेळाडू पैशासाठी क्लब बदलत नाही. जिथे राहतो, जिथे वाढला, तिथलंच नाव पाठीवर. सर्वांत वरची पायरी आणि सर्वांत खालची पायरी एकाच माणसाच्या पायाखाली असते, म्हणून खालच्या पायरीला कुणी कमी लेखत नाही.

आपल्याकडे गोष्ट वेगळी वळली. चांगला कबड्डीपटू रेल्वे, पोलीस, बँक किंवा एखाद्या कंपनीच्या संघात जातो, कारण तिथे नोकरी असते. त्यात वावगं काहीच नाही. शेतकऱ्याच्या पोराला खेळातून पोट भरता आलं तर ते चांगलंच. २०१४पासून प्रो कबड्डी आली, लिलाव आले, पोरांच्या नावापुढे लाखांचे आकडे लागले. पण या चमकीत एक गोष्ट हरवते. हे सगळं कौशल्य जिथे तयार होतं, ती जागा मंडळाचं मैदान आणि जिल्ह्याची कुमार स्पर्धाच आहे. नाशिकने हे एकदा साऱ्या आशियाला दाखवलं, तेही अशा रीतीने की भारताला चटका बसला.

आशियाई क्रीडा स्पर्धेत पुरुषांची कबड्डी १९९०ला बीजिंगमध्ये आली, महिलांची २०१०ला ग्वांगझूमध्ये. २०१४पर्यंत दोन्ही गटांतली सगळी सुवर्णपदकं भारताची होती. २०१८च्या जकार्ता स्पर्धेत पुरुष संघ उपांत्य फेरीत इराणकडून हरला, आणि २४ ऑगस्टला महिलांच्या अंतिम सामन्यात इराणने भारताला २७–२४ असं हरवलं. इराणच्या बाकावर उभ्या असलेल्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. त्यांनी वर्षानुवर्षं नाशिकमध्ये शासकीय प्रशिक्षक म्हणून मुली घडवल्या, निवृत्त झाल्या आणि मग इराणने बोलावलं तेव्हा तिकडे गेल्या. भाषा वेगळी, खाणं वेगळं, त्या स्वतः शाकाहारी. त्यांनी कामापुरती फारसी शिकून घेतली आणि इराणी मुलींच्या सरावात योग आणि प्राणायाम आणला.

प्राणायाम! सगळा खेळ ज्या एका दमावर चालतो, त्या दमाचाच अभ्यास. इराणी मुलींकडे ताकद होती, उंची होती. श्वासावरचा ताबा नाशिकच्या बाईंनी दिला. तो विजय फक्त प्राणायामाचा होता असं कुणी म्हणणार नाही. खेळाडूंची मेहनत, डावपेच, भारतीय संघाच्या चुका, सगळंच त्यात आलं. पण जिल्ह्याच्या मैदानावर पोरीबाळींना शिकवून कमावलेली समज आशियातल्या सर्वोत्तम संघाला हरवू शकते, हे त्या दिवशी सिद्ध झालं. भारताची मुलगी म्हणून त्यांना वाईट वाटलं की नाही, असे प्रश्न त्यांना पुष्कळ विचारले गेले. त्यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न हा, की ती समज आपल्या जवळ असताना आपण तिचा पुरेसा उपयोग का केला नाही.

पाच वर्षांनी गोष्ट फिरली. ७ ऑक्टोबर २०२३, हांगझाऊ. पुरुषांच्या अंतिम सामन्यात पुन्हा भारत आणि इराण. या वेळी भारताच्या संघात नाशिकच्या आडगावचा चढाईपटू आकाश शिंदे होता, आणि शेजारच्या अहिल्यानगर (तेव्हाच्या नगर) जिल्ह्याचा अस्लम इनामदारही. शेवटच्या मिनिटांत गुण बरोबरीत असताना एका चढाईवरून वाद पेटला. भारताचा कर्णधार पवन सेहरावत कुणालाही स्पर्श न करता राखीव क्षेत्रात, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्ट्यात, गेला आणि त्याला धरायला इराणचे बचावपटूही मागोमाग आत उतरले. झटापट झाल्याशिवाय राखीव क्षेत्र मैदानाचा भाग होत नाही. मग बाद कोण, एकटा पवन की मागे आलेले सगळे? जुना नियम लावायचा की नवा? खेळाडू मैदानात बसून राहिले, सामना तासभर थांबला. अखेर भारताने ३३–२९ने सुवर्ण जिंकलं. खंडाचा अंतिम सामना ज्या एका मीटर रुंदीच्या पट्ट्यावर अडला, त्याच पट्ट्याचा निर्णय कुमार गटाच्या जिल्हा स्पर्धेतला पंच एका शिट्टीत देतो. त्याच्याजवळ कॅमेरा नसतो, रिव्ह्यू नसतो, आणि अंगावर धावून येणारं मंडळ मात्र असतं. या पंचांचं कौतुक फार कमी होतं.

पुन्हा नाशिककडे येऊ. आता राज्य स्पर्धेच्या निकालात नाशिक शहर आणि नाशिक ग्रामीण असे वेगळे संघ दिसतात. मला हे आवडलं. पंधरा तालुक्यांच्या एवढ्या मोठ्या जिल्ह्यातून एकच संघ निवडला, तर गुणी पोरं बाहेर राहणारच. दोन संघ झाल्याने पहिल्यापेक्षा दुप्पट पोरांना राज्याचं मैदान दिसतं. दुर्लक्ष होतं ते मंडळांकडेच. मॅट महाग, भाड्याने आणायची म्हटली तरी वर्गणी काढावी लागते. सरावाचं मैदान लग्नसराईत आणि प्रदर्शनांच्या हंगामात हातातून जातं. मुलींना संध्याकाळी सरावाला यायचं तर परतीची सोय लागते, आणि तिथेच अनेक घरांची परवानगी अडते. ज्या मंडळांनी मुलींना सोबत करून घरापर्यंत पोचवायची पद्धत पाडली आहे, तिथे मुलींचे संघ टिकतात. यात गुंतागुंत काही नाही. कुणीतरी रोज ते करावं लागतं, एवढंच.

तुमच्या तालुक्यात किंवा वॉर्डात यंदा कुमार-कुमारी गटाची जिल्हा स्पर्धा होईल, तेव्हा अंतिम सामन्याची वाट बघू नका. पहिल्या दिवशी सकाळी वजनं चालू असताना जा. कोपरारक्षकाच्या मागे उभं राहून दोन सामने बघा आणि चढाईपटूचा दम कान देऊन ऐका. आणि तुमच्या गल्लीतलं मंडळ वर्गणी मागायला आलं, तर ‘मॅट आहे का रे तुमच्याकडे?’ एवढं विचारून मग पावती फाडा.